मलम रवाळ का होतं आणि वर तेल का सुटतं

ताई, तुम्ही लिहिलंय की १०० ग्रॅम तिळाच्या तेलात १० ग्रॅम मधमाशीचं मेण वितळवलं, गॅस बंद करून पातेलं ओट्यावरच निवू दिलं, मध्येमध्ये ढवळत राहिलात, आणि आता मलम हाताला रवाळ लागतंय, वर तेलाचे थेंब येतायत, तर मेण १५ ग्रॅम करू का? माझं मत विचाराल तर नको. मेण वाढवून मलम कडक होईल, पण खरा प्रॉब्लेम ते गार कसं केलं त्यात आहे.

मुळात यात तेल गोठतच नाही हो. मलमात ९० टक्के तेल आहे आणि ते शेवटपर्यंत पातळच राहतं. मेणाचे रेणू म्हणजे लांबच लांब कार्बनच्या साखळ्या, गरम तेलात त्या मोकळ्या फिरतात, तापमान उतरलं की विरघळून राहणं जमत नाही, मग शेजारी शेजारी रचल्या जाऊन पातळ पापुद्र्यांसारखे स्फटिक तयार होतात, आणि हे पापुद्रे एकमेकांना टेकून पत्त्यांचा बंगलाच उभा राहतो, त्याच्या खोल्याखोल्यांत तेल अडकतं. खोल्या जितक्या लहान तितकं तेल पक्कं धरलं जातं. हळूहळू निवलं की स्फटिक थोडेच होतात पण मोठे वाढतात, तोच तो रवा, आणि मोठ्या खोल्यांतून तेल झिरपतं. त्यात घट्ट होत असताना ढवळलं की बंगला मोडतो, आणि मेणाच्या बाबतीत तो पुन्हा पूर्वीसारखा नीट उभा राहत नाही.

म्हणून असं करा, डबल बॉयलरवर ७५-८० डिग्रीपर्यंत न्या आणि दहाएक मिनिटं तिथेच ठेवा (मेण ६२-६५ला वितळतं, पण न विरघळलेले बारीक कण राहिले तर त्यांच्यावरच मोठे स्फटिक वाढतात). मग गरम असतानाच छोट्या डब्यांत ओतून डब्या गार पाण्याच्या परातीत ठेवा, पाणी आत जाणार नाही इतपत, आणि धुरकट दिसायला लागल्यावर अजिबात हात लावू नका.

मेण कुठलं यानेही खूप फरक पडतो. सूर्यफुलाचं तेल रिफाईन करताना गार करून जे मेण काढून टाकतात ते १-२ टक्क्यांतच तेल थिजवतं, कारण त्यात जवळपास सगळे एकाच जातीचे लांब एस्टर (फॅटी ॲसिड आणि अल्कोहोल जोडून झालेले रेणू) असतात आणि ते शिस्तीत रचले जातात. मधमाशीच्या मेणात एस्टर, फॅटी ॲसिड, हायड्रोकार्बन अशी सरमिसळ, म्हणून जास्त लागतं, पण मलम मऊ होतं, मला त्वचेसाठी तेच आवडतं. कार्नोबा (एका पामच्या पानांवरचं मेण) ८२च्या पुढे वितळतं, लिपस्टिकला ठीक, पण खाण्यात जास्त झालं तर तोंडात मेणचट लागतं. वनस्पती तुपाऐवजी असं थिजवलेलं तेल वापरता येईल का यावर संशोधन चालू आहे, त्यात ही मोठीच अडचण आहे.

आणि मेणाशिवायही तेल असं थिजतं बरं का. एरंडेलापासून १२-हायड्रॉक्सीस्टिअरिक ॲसिड बनवतात, त्याचे रेणू हायड्रोजन बंधाने एकमेकांना धरून पीळदार तंतू होतात. जपानमध्ये तळणीचं उरलेलं तेल फेकण्याआधी याचीच पूड गरम तेलात टाकून गोठवतात, आणि याच्याच लिथियम साबणावर (म्हणजे लिथियमबरोबर होणाऱ्या क्षारावर) गाड्यांचं ग्रीस उभं आहे. राईस ब्रान तेलातलं ओरायझनॉल आणि वनस्पतींमधलं सिटोस्टेरॉल तर अजून भारी, दोघं एकेकटे तेल थिजवत नाहीत, एकत्र आले की काही नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या तयार करतात, इतक्या बारीक की प्रकाश अडत नाही आणि जेल पारदर्शक दिसतं. मेणाचे स्फटिक त्यामानाने मोठे, म्हणून आपलं मलम कायम दुधट.

आत्ताची बॅच टाकू नका, सगळी परत वितळवा आणि वर सांगितलं तसं गार करा, मेण तेच राहतं. फक्त डबी उन्हातल्या गाडीत ठेवू नका, अर्धवट वितळून सावकाश निवली की परत रवा धरेल.