बांगलादेश बॉर्डरवर अजून पूर्ण कुंपण का नाही?

पैसा नाही म्हणून नाही हो, जमीनच तशी आहे. ४०९६ किमीची बॉर्डर, त्यातलं ३ हजारांच्या वर कुंपण झालंय, उरलेलं नद्या, दलदल नाहीतर भूसंपादनात अडकलंय. आमच्या ऐरोलीच्या खाडीत ओहोटीला चिखल बघा, तिथे खांब टिकेल का? आसाममधल्या धुबरीला ब्रह्मपुत्रा पात्रच बदलते, म्हणून २०१९ मध्ये तिथल्या ६१ किमीला सेन्सर, कॅमेरे बसवले. शिवाय १९७५ ला दोन्ही देशांनी ठरवलेला नियम, झीरो लाइनपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, १५० यार्डांत संरक्षणाचं बांधकाम नको, त्यामुळे तार आत सरकते आणि शेतं, काही घरंसुद्धा, तारेपलीकडे राहतात, मग शेतकऱ्याने बीएसएफच्या गेटवर ओळखपत्र दाखवून स्वतःच्याच शेतात जायचं, तेही गेट उघडेल तेव्हाच.