जपानमध्ये जेवायला बसताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : टोकियोत रामेनच्या (रश्शातल्या शेवयांच्या) दुकानात दाराशीच तिकिटाचं यंत्र असतं म्हणे. ते कसं वापरायचं?

आधी पैसे, मग बटण. बहुतेक यंत्रांत पैसे पडल्याशिवाय बटणं पेटतच नाहीत. नवखा माणूस नुसता बटण दाबत राहतो आणि मागे रांग वाढते. जुनी यंत्रं नाणी आणि १००० येनच्याच नोटा घेतात, म्हणून मोठी नोट आधीच मोडून ठेवा. सगळं जपानीत असेल तर डावीकडचं सगळ्यांत वरचं बटण दाबा. दुकानाचा मुख्य रामेन बहुधा तिथेच असतो. सुटे पैसे आपोआप आले नाहीत तर परतीचा खटका दाबायचा.

तिकीट समोरच्या फळीवर ठेवा. हाकाता (फुकुओका शहराकडच्या) पद्धतीच्या दुकानात शेवया कशा हव्यात ते विचारतात : ‘कातामे’ म्हणजे किंचित कडक, ‘फुत्सू’ म्हणजे नेहमीच्या. कातामेच सांगा, कारण त्या बारीक शेवया गरम रश्शात बघता बघता मऊ पडतात. ‘काएदामा’, म्हणजे जादा शेवया, हव्या असतील तर रस्सा शिल्लक असतानाच मागा. भुरके मारायला हरकत नाही, गप्पा मारत बसायला आहे. खाऊन झालं की वाडगा वरच्या फळीवर ठेवायचा, ‘गोचिसोसामा’ (जेवणाबद्दल आभार) म्हणायचं आणि उठायचं.

प्रश्न : इझाकायात (पिण्याबरोबर खायला मिळणाऱ्या जपानी बारमध्ये) न मागवता एक छोटी वाटी आली आणि तिचे पैसेही लावले. फसवणूक होती का?

नाही. ती ‘ओतोशी’, ओसाकाकडे तिलाच ‘त्सुकिदाशी’ म्हणतात. तो बसण्याचा आकार समजा, माणशी साधारण ३०० ते ५०० येन. ‘नोमिहोदाई’ घेतलंत, म्हणजे ठरावीक वेळात हवं तेवढं पिणं, तर दोन गोष्टी आधी विचारा : टेबलावरच्या सगळ्यांनी ते घ्यायची सक्ती आहे का, आणि शेवटची ऑर्डर कधी. दोन तासांची वेळ असेल तर ती बहुधा दीड तासालाच घेतात. टिप मात्र कुठेच ठेवू नका. विसरलेले पैसे समजून वेटर मागे धावत येईल.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, घरात एक जैनही आहेत. सोबा (कुट्टूच्या पिठाच्या शेवया) किंवा भाज्यांचा तेंपुरा (जपानी भजी) चालेल ना?

इथेच बहुतेक जण फसतात. दिसायला ताटात मासा नसतो, पण ‘दाशी’त असतो. दाशी म्हणजे वाळवलेल्या बोनितो माशाचे पापुद्रे आणि कोंबू हे समुद्री शेवाळ यांचं पाणी. सोबाबरोबरचं ‘त्सुयु’, मिसो सूप, तेंपुऱ्याचं बुडवायचं पाणी, अगदी उकडलेला पालकसुद्धा त्यात भिजलेला असतो. ‘बेजितारिआन’ म्हटलं तर पुष्कळ ठिकाणी मांसाचे तुकडे तेवढे काढतात. म्हणून ‘कात्सुओ-दाशी चालत नाही’ असं जपानीत लिहिलेलं कार्ड दाखवा. सुशीच्या दुकानात काकडीचं ‘काप्पामाकी’ बहुधा निर्धोक. इनारीचं (तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरलेल्या सुशीचं) टोफू मात्र अनेकदा दाशीत शिजवलेलं असतं.

निर्धास्त जेवायचं असेल तर ‘शोजिन र्‍योरी’ शोधा, म्हणजे बौद्ध मठातलं जेवण. त्यात दाशी कोंबू आणि वाळवलेल्या शिताके अळिंबीची असते, आणि परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य. त्यासाठी वाकायामातल्या कोयासानला एक रात्र जरूर काढा. शिंगोन पंथाचे संस्थापक बौद्ध भिक्षू कुकाई यांना ८१६ मध्ये मिळालेला हा डोंगर. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात २०१५ पासून बाबासाहेबांचा पुतळाही आहे. मठातल्या मुक्कामात रात्रीचं जेवण साडेपाच-सहालाच वाढतात. उशिरा पोहोचलात तर उपाशी झोपावं लागेल, कारण बाहेरची दुकानं लवकर मिटतात. जैनांनी मात्र जपून राहावं : कमळकाकडी, मुळा, अरवी सर्रास असतात. ‘गोमादोफु’ हा तिळाचा टोफूसुद्धा तीळ वाटून, कुडझू वेलीच्या मुळाच्या सत्त्वात सतत घोटून घट्ट करतात. आरक्षणाच्या वेळीच प्रत्येक कंदमुळाचं नाव घेऊन सांगा.

प्रश्न : फिरत्या पट्ट्यावरची सुशी आणि काउंटरवरची सुशी, दोन्हीकडे वागण्यात काय फरक?

पट्ट्यावर (पहिलं असं दुकान १९५८ मध्ये हिगाशी-ओसाकात निघालं) उचललेली बशी परत ठेवायची नाही. बशीच्या रंगावरून दर ठरतो, त्यामुळे रिकाम्या बशा रचून ठेवा. समोरच्या नळाला चहासाठीचं कढत पाणी येतं. त्याखाली हात धुवायला गेलात तर भाजेल.

काउंटरवर ‘ओमाकासे’ म्हटलं की काय द्यायचं ते कारागीर ठरवतो. तुकडा समोर आला की लगेच खा. भात कोमट असतानाच तो खायचा असतो, फोटो काढेपर्यंत निवतो. हाताने खाल्लं तरी चालतं. सोया लावायचा असेल तर माशाच्या बाजूला. भात बुडवलात तर तो सुटून वाटीत सांडतो. कारागिराने वरून सोया लावून दिला असेल तर पुन्हा लावू नका. आणि अत्तर लावून जाऊ नका. शेजारच्याला माशाचा वास घेता येत नाही, म्हणून काही दुकानं थेट नाही म्हणतात.