पहिली इलेक्ट्रिक गिटार घेताना

भिया, रंगावर भाळू नकोस. माझी पहिली गिटार चेरी लाल, दिसायला झकास. पण तारा इतक्या उंच की एका आडव्या बोटाने बऱ्याच तारा एकदम दाबायचा बॅरे कॉर्ड धरताना मनगट भरून यायचं. दांड्यावरच्या बाराव्या फ्रेटवर (धातूच्या आडव्या तारेवर) मोजपट्टी लावून बघ, जाड तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास अंतर हवं. मग नेकच्या, म्हणजे त्याच दांड्याच्या, कडेवरून तळवा फिरव. इंदूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बाहेर येऊन टोचतात. ती घासून घेता येतात, वाकडी नेक मात्र नकोच. पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडणारा भाग; त्यातला एकाच कॉइलचा, सिंगल कॉइल पिकअप गुणगुणणारच, आपल्या विजेच्या 50 हर्ट्झची कृपा! हंबकरला, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपला, तो त्रास कमी. आणि दुकानदार वाजवून दाखवेल, त्यावर जाऊ नकोस. त्याच्या हातात खोकंही गातं. सेटअपचे, म्हणजे तारांची उंची वगैरे जुळवून घेण्याचे, पैसे आधीच बाजूला काढून ठेव.