जुन्या मोटर यॉटचा डिझेल काटा खरं दाखवतोय की नाही, कसं तपासायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुंबईकडून ट्रेलरवर आणलेली जुनी, छोटी डिझेल मोटर यॉट गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये चालवायची आहे. टाक्या दोन, काटे दोन. डावा काटा कितीही डिझेल टाकलं तरी अर्ध्यावरून हलत नाही आणि उजवा सारखा नाचतो. दोन्ही मीटर नवीन घ्यावेत का?

भाऊ, इतक्यात पैसे काढू नका. मी पवनीकडे ट्रॅक्टर-हार्वेस्टरच्या वायरिंगची कामं करतो, अधूनमधून जलाशयातल्या बोटीही हाताखालून जातात. काटा खोटं दाखवायला लागला की लोक आधी डॅशबोर्ड उघडतात. मीटर बहुतेक वेळा चांगलं निघतं, खोट असते टाकीतल्या फ्लोटमध्ये, म्हणजे डिझेलवर तरंगणाऱ्या गोळ्यात आणि त्याच्या दांडीत, नाहीतर अर्थिंगमध्ये.

फ्लोट वर-खाली झाला की त्याची दांडी रेझिस्टन्सच्या (करंटला होणाऱ्या अडथळ्याच्या, तो ओहममध्ये मोजतात) पट्टीवर सरकते आणि मीटर तेवढा रेझिस्टन्स वाचतं, बस. पण पद्धती दोन आहेत. अमेरिकन मालात टाकी रिकामी असताना 240 ओहम आणि भरलेली असताना 33. युरोपियन मालात रिकामीला 10 आणि भरलेलीला 180, म्हणजे बरोब्बर उलटं. जुन्या बोटीत आधीच्या मालकानं एकीकडचा फ्लोट आणि दुसरीकडचं मीटर जोडलेलं असू शकतं, मग डिझेल टाकलं की काटा खाली येतो. म्हणून काहीही विकत घेण्याआधी मल्टिमीटर लावून आपल्याकडचा माल कोणता ते पाहा.

आता डावा काटा. चाबी चालू ठेवा आणि मीटरमागे ‘एस’ लिहिलेल्या स्क्रूवरची, फ्लोटकडून येणारी वायर काढा. 240-33 चं मीटर असेल तर काटा रिकाम्यावर जाईल, आणि त्या स्क्रूला अर्थची वायर क्षणभर टेकवली की भरलेल्यावर. 10-180 च्या मीटरमध्ये हेच उलटं दिसेल. काटा दोन्ही टोकांना गेला तर मीटर ठणठणीत आहे. तुमच्या बाबतीत तो जाईल असं मला वाटतं, कारण वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तर काटा कुठल्यातरी एका टोकाला पडतो, मधोमध ठाण मांडून बसत नाही. अर्ध्यावर अडकलाय म्हणजे दांडीच अडकली असावी. टाकीत डिझेल हिंदकळू नये म्हणून आडवे पत्रे असतात, जास्त लांब किंवा वाकलेली दांडी त्यांनाच जाऊन टेकते.

फ्लोट काढायला टाकीवरची गोल प्लेट खोलावी लागेल. तिला बहुधा पाच स्क्रू असतात आणि ते सारख्या अंतरावर नसतात, प्लेट एकाच बाजूनं बसते. खोलण्याआधी पेनानं खूण करा. बाहेर काढल्यावर मल्टिमीटरची एक पिन प्लेटला, दुसरी वायरच्या स्क्रूला लावा आणि दांडी हातानं अगदी सावकाश खालून वर न्या. आकडा सरकत जायला पाहिजे. मध्येच उडी मारली तर पट्टी तिथे घासली आहे, फ्लोटचं युनिट बदला. पितळी फ्लोट कानाजवळ धरून हलवा, आत खळखळ ऐकू आली तर बारीक छिद्रातून डिझेल शिरलंय. बुचाचा फ्लोट असेल तर तो भिजून जड होतो आणि काटा नेहमी कमी दाखवतो. परत बसवताना गॅस्केट डिझेल सहन करणाऱ्या रबराचंच घ्या, साधं सिलिकॉन टिकत नाही. आणि फ्लोट चालतो का पाहायला त्याला बॅटरीचा करंट थेट देऊ नका. टाकीत ठिणगी पडेल.

उजवा काटा लाटेवर नाचत असेल तर तो त्याचा धर्म आहे, सोडून द्या. पण बोट काठाला बांधलेली, पाणी शांत आणि तरीही काटा थरथरतो, तर अर्थिंग ढिलं आहे. प्लॅस्टिक किंवा फायबरच्या टाकीत प्लेटवरून वेगळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्यावीच लागते. टोकं पॉलिश पेपरनं घासा, घट्ट करा, वरून व्हॅसलीन चोपडा. याकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं ते बघा: गंजलेल्या जोडानं रेझिस्टन्स वाढतो. 240-33 मध्ये त्यामुळे डिझेल कमी दिसतं, फार तर उगीच पंपावर चक्कर होते. 10-180 मध्ये मात्र आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, आणि माणूस मधल्या पाण्यात अडकतो तो याच्यामुळे.

डिझेलबरोबर टेंपरेचरचा काटाही त्याच दिवशी बिघडला असेल तर टाकीकडे जाऊच नका. जुन्या मीटरांना सारखा व्होल्टेज देणारा एक छोटा स्टॅबिलायझर असतो, तो गेलेला असतो.

एवढं सगळं दुरुस्त झाल्यावरही मी काट्यावर बोट नेणार नाही. यॉटची टाकी बुडाशी निमुळती असते, त्यामुळे काटा अर्ध्यावर आला की डिझेल अर्ध्यापेक्षा कमीच उरलेलं असतं. बांबूची एक सरळ कामटी तासून घ्या. रिकाम्या टाकीत मापून वीस-वीस लिटर ओता, दर वेळी कामटी बुडाला टेकवून काढा आणि ओल्या रेषेवर चाकूनं खाच पाडा. आधी खडू फासला तर रेषा स्वच्छ उठते. बोट तेव्हा सपाट उभी पाहिजे, सगळी मंडळी एका बाजूला बसलेली नकोत. डेकवरून टाकीत जाणारा पाइप वाकडा असेल तर कामटी फ्लोटच्या प्लेटच्या भोकातून घालावी लागेल. त्याच कामटीच्या टोकाला पेट्रोल पंपावाले वापरतात ती पाणी ओळखायची पेस्ट लावा. रंग बदलला तर बुडाशी पाणी आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्धवट रिकामी टाकी पाणी धरतेच, म्हणून जूनच्या आधी भरून ठेवा, फक्त काठोकाठ नको.

आणखी एक. इंजिनाकडे डिझेल नेणारी नळी टाकीच्या बुडापासून थोडी वर संपते, म्हणजे खालचे काही लिटर तुमचे नाहीतच. त्यातही ओढायला गेलात तर इंजिन गाळ खातं आणि एअर धरतं, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरते, मग भर पाण्यात एअर काढत बसा. बोटवाले जायला एक हिस्सा, यायला एक आणि हाताशी एक असा हिशेब धरतात. गोसीखुर्दमध्ये तो तिसरा हिस्सा मी जरा मोठाच ठेवीन. इकॉर्नियाच्या (जलपर्णीच्या) पट्ट्यातून जाताना पंख्याला वेल गुंडाळले की तेवढ्याच अंतराला डिझेल कितीतरी जास्त लागतं. इंजिन किती तास चाललं ते मोजणारं अवर मीटर असेल तर किती तासांना किती लिटर ओतलं ते वहीत लिहीत जा. काटा आणि वही जुळेनासे झाले की समजा फ्लोट पुन्हा काढायची वेळ आली.

हे सगळं डिझेलचं झालं. तुमच्याकडे पेट्रोलचं इंजिन असेल तर टाकी घरी खोलू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचून राहते आणि वासही वेळेवर येत नाही.