सोलापूरच्या आसपास वडिलांना घेऊन फ्लाय फिशिंग करता येईल का? रॉड कोणता घ्यावा?

येतं की. फक्त ट्राऊट डोक्यातून काढून टाका. त्याला बारमाही गार पाणी लागतं, त्यासाठी हिमाचलात तीर्थन नदीवर नाहीतर काश्मीरला जावं लागेल. आपल्याकडं फ्लायवर, म्हणजे गळाला पीस-दोरा गुंडाळून केलेल्या खोट्या किड्यावर, येणारे मासे म्हणजे चिलापी आणि मरळ. रॉडचं पुढं सांगतो.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, ‘वडिलांनी आयुष्यभर साध्या गळानं मासे धरले, त्यांना हे जमेल का?’ त्या ओळीसाठी उत्तर लिहायला बसलोय.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. सुट्टीच्या दिवशी सायकलनं तुळजापूर रोडला, हिप्परग्याच्या तलावावर. म्हणजे एकरुख तलाव, आदिला नदी अडवून इंग्रजांनी १८७१ साली पुरा केलेला. बांबूची काठी, तंगूस, तरंगायला मोरपिसाचा दांडा, डब्यात गांडुळं. गिरणी बंद पडल्यावर तर आठवड्यातले चार दिवस तिथंच.

२००९ साली मी फ्लाय रॉड विकत घेऊन घरी आलो. अण्णांनी विचारलं, “ह्याला लावायलास काय?” म्हटलं, पीस. “पिसाला मासा येतंय व्हय बे?” मग दुकानातली एक फ्लाय चष्म्याजवळ धरली आणि नखानं दोरा ओढून बघितला. “गुंडाळी ढिली हाय,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताटलीत तीन फ्लाय तयार होत्या. कोंबडीचं पीस, शिलाई मशीनचा काळा दोरा, वेढ्याला वेढा चिकटलेला, आणि दोऱ्याचं टोक त्याच वेढ्यांखाली असं ओढून घेतलेलं की शोधून सापडेना. फ्लाय बांधणं हे मुळात दोऱ्याचं काम आहे. ज्या माणसानं सत्तावीस वर्षं तुटलेला ताणा जोडला, त्याला ते शिकवायला मी कोण?

रविवारी आम्ही दोघं आणि थोरला भाऊ तलावावर गेलो. फ्लायला वजन नसतं, दोरीच्या वजनावर ती जाते, म्हणून दोरी आधी मागं पूर्ण सरळ व्हावी लागते. आमच्या मागं वेडी बाभूळ. तिसऱ्याच फेकीला अडकली आणि पुढचं बारीक नायलॉन मधोमध तुटलं. अण्णांनी दोन्ही टोकं हातात घेतली. विणकराची गाठ मारली, ओढली, ती सरकली, कारण नायलॉन सुतासारखं धरत नाही. ते काही बोलले नाहीत. परत मारली, एक वेढा जास्त घेतला, थुंकी लावली, हळूहळू आवळली आणि उरलेलं टोक दातानं तोडलं. फ्लाय मात्र मी बांधली. कोरडीच, आणि घाईत.

लव्हाळ्याच्या कडेला मरळ आली. पाणी फाटल्यासारखा आवाज झाला, रॉड मुठीपर्यंत वाकला. दोनदा ती लव्हाळ्यात शिरली, दोनदा बाहेर काढली. आणि मग एकदम दोरी सैल.

भाऊ काठावरून ओरडला, “अण्णांची गाठ सुटली!” तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला तो हेच सांगतो. अण्णा ऐकून घेतात, उठून पाणी प्यायला जातात. आणि त्या दिवशी मीही गप्प बसलो, हे मला अजून टोचतं.

आता टोकाचं सांगतो, तुम्हालाही उपयोगी पडेल. मासा गेल्यावर नायलॉनचं टोक बघायचं. खरखरीत असेल तर दातानं किंवा दगडानं घासलं. साफ तुटलं असेल तर ताण सोसला नाही. आणि डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सरकली. माझ्या हातात परत आलेलं टोक वळलेलं होतं, आणि अण्णांची गाठ त्याच्या वर, जिथल्या तिथं होती. दादा, तू हे वाचत असशील तर नीट वाच. सुटली ती माझी गाठ.

तेव्हा वडिलांना जमेल का हे विचारू नका. त्यांच्या हातात साहित्य द्या आणि बाजूला व्हा. त्यांना गांडूळच लावायचं असेल तर लावू द्या. फ्लाय म्हणजे वरच्या दर्जाचं आणि गांडूळ म्हणजे गावठी, असं समजणाऱ्यांशी माझं जमत नाही.

रॉड ९ फुटी घ्या. नंबर म्हणजे रॉड किती जड दोरी पेलतो ते. चिलापीला ५ नंबर पुरतो, मरळीला ७ किंवा ८. दोरी त्याच नंबरची, नाहीतर फेक बसत नाही. गाठ आवळण्याआधी ओली करा.

राहिलंच. तलावांवर मासेमारीचा ठेका बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थेकडं असतो, आधी त्यांना विचारा. पावसाळ्यात मरळ पिलांची राखण करते. पाण्यावर तांबूस पिलांचा पुंजका दिसला तर तिथं फेकू नका, आई-बाप दोघंही खालीच असतात. फेकताना कुणालाही मागं उभं राहू देऊ नका, आणि वडिलांना टोपी-चष्मा घालायला लावा, मागून येणारा गळ डोळ्याच्या उंचीवरून जातो. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी फ्लाय अजून तेच बांधतात. दिवाळीत मला तीन दिल्यात, डबीत जपून ठेवल्यात.