यादी बोलते, तपशील ऐकत नाही

प्रश्न : माझ्या अँड्रॉइड ॲपमध्ये एकाच ॲक्टिव्हिटीत (म्हणजे ॲपच्या एका स्क्रीनमध्ये) यादी आणि तपशील असे दोन फ्रॅगमेंट (स्क्रीनचे भाग) आहेत. दोघांना एकच व्ह्यूमॉडेल (स्क्रीनची माहिती सांभाळणारा क्लास) दिलंय, तरी नावावर टॅप केल्यावर तपशील कोराच. असं का?

उत्तर : दोन्हीकडे 'बाय व्ह्यूमॉडेल्स' लिहिलंय ना? मग क्लास एक, पण प्रती दोन. यादी आपल्या वहीत लिहिते, तपशील स्वतःची कोरी वही उघडून बसतो. माझी यात अख्खी दुपार गेली होती. शेवटी दोन्हींचे हॅशकोड (प्रत ओळखायचे आकडे) लॉगमध्ये छापले, आकडे वेगळे! दोन्हीकडे 'बाय ॲक्टिव्हिटीव्ह्यूमॉडेल्स' करा, प्रत ॲक्टिव्हिटीकडे, म्हणून एकच राहील. एकदाच काही परत कळवायचं असेल, तर एका फ्रॅगमेंटचा निकाल दुसऱ्याला पाठवणारं 'सेटफ्रॅगमेंटरिझल्ट' पुरतं. फक्त त्याची 'की' (निकालाला दिलेलं नाव) दोन्हीकडे तीच हवी, फ्रॅगमेंट मॅनेजरही तोच.