राहायला चांगलं शहर कशावरून ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी गाव सोडावं लागणार आहे, पुणे, नाशिक आणि कोल्हापूर असे तीन पर्याय आहेत, आणि राहायला चांगलं शहर ओळखायचं कसं ते कळत नाही. पाणी, रस्ते, दवाखाने यांबद्दल बाकीचे सांगतीलच. मी आधी एक गोष्ट बघतो. ओळखपाळख नसलेल्या, खिशात बेताचेच पैसे असलेल्या माणसाला ते शहर कसं वागवतं?

मी भुदरगड तालुक्यातल्या एका खेड्यातून बारावीनंतर कोल्हापूरला आलो. मेस परवडत नव्हती, म्हणून आई सकाळच्या एसटीतून डबा पाठवायची. गाडी स्टँडवर लागली की आम्ही दहा-बारा पोरं ड्रायव्हरच्या दाराशी उभी. कापडी पिशवीवर मार्करनं लिहिलेलं नाव बघून ज्याचा त्याचा डबा उचलायचा. गाडीला उशीर झाला, आमचे तास असले, तर कंट्रोलरच्या खिडकीजवळ पिशव्या ओळीनं ठेवलेल्या असायच्या. तीन वर्षांत माझा डबा एकदाही हरवला नाही. त्या ड्रायव्हर-कंडक्टरांपैकी कुणाचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. शिकायला आलेलं पोर उपाशी राहू नये, हे त्या शहराच्या अंगवळणी पडलेलं होतं.

ही सवय जुनी आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं एकामागून एक बोर्डिंगं उभी केली : मराठा, जैन, पुढे मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. शाळा काढून भागत नाही, खेड्यातल्या पोराला रात्री पाठ टेकायला जागा लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून मी म्हणतो, शहराची पहिली परीक्षा भाड्यानं खोली शोधताना होते. माझ्या एका मित्राला याच कोल्हापुरात तीन घरमालकांनी आडनाव ऐकल्यावर ‘खोली कालच गेली’ म्हणून सांगितलं. त्या बोर्डिंगांना शंभर वर्षं होऊन गेल्यावरची ही गोष्ट. मला आजही तिचा संताप येतो. तुम्ही कुठंही गेलात तरी हे विचारा, आणि आपल्या सोयीचं उत्तर मिळालं तरी शेजारच्याला काय उत्तर मिळतं ते बघा.

दुसरं, पैसे न मोजता बसायला जागा किती? आमची खोली दहा बाय दहाची होती आणि चौघं राहत होतो, पण संध्याकाळी रंकाळा तलावाचा कठडा आमचाच असायचा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं, तिथं पेपर वाचत बसायचं. शाहू स्टेडियमवर पेठांचे फुटबॉल सामने असले की अर्धं शहर तिकडं. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध समोर काढून मिळतं, त्यासाठी मात्र पैसे पडायचे, ते महिन्यातून एकदा. घर लहान असलं तरी शहर मोठं असलं की जगता येतं. नंतर नोकरीसाठी मी सहा वर्षं दुसऱ्या एका मोठ्या शहरात होतो. फ्लॅट तिप्पट मोठा होता, पण खाली उतरल्यावर हॉटेल किंवा मॉल यांशिवाय टेकायला जागा नव्हती. तिथं मी खूप एकटा पडलो.

आता कोल्हापूरची दुसरी बाजू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा नदी ५५ फुटांच्या वर गेली. नदीची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट आहे. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, शहरात पिण्याच्या पाण्याचे हाल. तेव्हा पेठापेठांतल्या तालमी आणि मंडळांनी चुली पेटवल्या, अनोळखी माणसांना घरांतून बाहेर काढलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याचा मला अभिमान आहे. पण म्हणून पूरपट्ट्यात भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारती माफ होत नाहीत. २०२१ ला पुन्हा तेच झालं. माणसं जीव लावणारी आहेत एवढ्यावर शहर चालत नाही. नदीची जागा नदीला ठेवावी लागते.

तेव्हा निर्णय घ्यायच्या आधी तिन्ही शहरांत दोन-दोन दिवस गाडीशिवाय काढा. घरात बाई असेल तर तिला रात्री नवाची बस धरून परत येऊन बघू दे, तिचं मत तुमच्या मतापेक्षा जास्त धरा. आणि कोल्हापूर ठरलंच, तर जुलैअखेरीस या. जिथं घर बघताय तिथल्या किराणा दुकानदाराला विचारा, “२०१९ ला इथं पाणी कुठवर आलं होतं?” तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. त्यानं हात ठेवला, तर ते घर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.